बायजाला माघारी फिरवणारं बोलणं

रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर पन्नास सालानंतर काही वर्षं एक माणूस डोळ्यांचं अंजन विकायचा. लाँच बंदर सोडून मोकळ्या पाण्यात आली, इंजिनाची धडधड एका लयीत लागली की तो उठायचा, वारा पाठीशी घेऊन कठड्याला टेकायचा आणि बोलायला लागायचा. कोळणींची आपसातली भांडणं थांबायची. पान लावणाऱ्याचा हात चुन्याच्या डबीवरच राहायचा. ज्यांचे डोळे ठणठणीत होते तेही ऐकत बसायचे. या माणसाचं नाव दयाराम घरत. त्याच्या तोंडून एके काळी एक वाक्य धड निघत नव्हतं, असं त्या लाँचवर कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते.

दयाराम मूळचा मिठागरातला मजूर. रेवसच्या अलीकडे खाडीकाठच्या एका आगरी गावात त्याचं घर होतं. घरात आई सोनाबाई आणि बायको कृष्णाबाई. मराठी चौथी झालेला, अंगाने उंच, त्यामुळे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच हंगामात मिठागरातल्या लोकांनी त्याला पुढे केलं. मिठागरावर प्यायला पाणी नव्हतं. बायका उन्हातून लांबच्या विहिरीवरून हंडे आणायच्या. शेट कचेरीत आला की त्याला सांगायचं, एक टाकी बांधून द्या म्हणून. सांगणार दयाराम.

शेट आला. दयाराम कचेरीच्या दारात उभा राहिला, मागे सगळे मजूर. शेटने मान वर केली.

"बोल, काय पायजे?"

घरून पाठ करून आणलेलं सगळं कुठे गेलं त्यालाच कळेना. कसाबसा तो म्हणाला, "शेट... पानी..."

"अरे, याला पाणी आपो," शेटने गड्याला सांगितलं.

गड्याने तांब्या आणून दिला. दयारामने तो दोन्ही हातांनी धरला आणि पाणी पिऊन टाकलं. शेट पुन्हा कागदांत बघायला लागला. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. हसण्यात बायकाही होत्या, आणि त्याच बायका दुसऱ्या दिवशी पुन्हा हंडे घेऊन निघाल्या. त्यांत कृष्णाबाई होती. तिने घरी त्याला एक शब्द सुनावला नाही, हे त्याला जास्त लागलं.

त्या हंगामानंतर तो मिठागरात गेला नाही. टोपलीत चणे-शेंगदाणे घेऊन लाँचवर फिरायला लागला. पण तिथेही ओरडावं लागतंच. तो माणसांच्या मधून खाली मान घालून जायचा आणि पुटपुटायचा. टोपली जशी नेली तशी परत यायची.

त्याच लाँचवर काळूराम नावाचा वयस्क विक्रेता होता. फण्या, दंतमंजन, अंजनाच्या डब्या, काय वाटेल ते विकायचा. एक दिवस त्याने दयारामला शेजारी बसवलं.

"तू शेंगदान्याशी बोलतोस," तो म्हणाला. "शेंगदाना घेनार न्हाय. मानसाकडं बघ."

"लई मानसं असतात, काळूकाका. सगळी बघायला लागली की मी शब्दच इसरतो."

"सगळ्यांशी बोलायचंच न्हाय. एक तोंड धर. दमलेलं, भलं दिसनारं. त्या एकाला सांग. बाकीचे आपसूक ऐकतात."

अशी ती शिकवणी सुरू झाली. काळूरामने त्याला वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायला शिकवलं, म्हणजे आवाज वाऱ्यावर बसून माणसांकडे जातो. बोलताना दयारामचे हात चिमणीसारखे फडफडायचे, तर काळूरामने पंच्याने ते पाठीमागे बांधले आणि तसंच बोलायला लावलं. सुरुवात हळू आवाजात करायची, म्हणजे माणसं पुढे झुकतात. आधी त्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट सांगायची. मग प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं. "गप्प राहायला भिऊ नको," काळूराम म्हणायचा. "गप्प राहिलास की त्यांना वाटतं आता कायतरी मोठं येनार." आणि डबी त्यांच्या हातात द्यायची. एकदा हातात धरली की परत द्यायला माणूस लाजतो.

घरी आल्यावर दयाराम ओहोटीच्या वेळी चिखलात जाऊन उभा राहायचा. कृष्णाबाई खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर उभी. तिथपर्यंत शब्द नीट पोचला की ती हात वर करायची, नाही पोचला तर तशीच उभी राहायची. कांदळांच्या झुडपांत बगळे बसलेले असायचे, ते आधी उडून जायचे. पुढे पुढे त्याच्या आवाजाला सरावले. पहिल्यांदा तिचा हात वर गेला तेव्हा दयाराम चिखलात पाय रुतवून मोठ्याने हसला. लग्नानंतर तो एवढा हसलेला तिने पाहिला नव्हता.

एकदा त्याने काळूरामला विचारलं, "या अंजनानं डोळे खरंच बरे व्हतात काय?"

काळूरामने त्याच्याकडे चमकून पाहिलं. "आपन वैद हाव काय? आपन बोलनारे. हा सवाल पुन्ना मनात आनू नको, आवाजात दिसतो."

दयारामने तो पुन्हा मनात आणला नाही. काळूराम पनवेलच्या बाजूला निघून गेला तेव्हा लाँचवरचा धंदा त्याने दयारामच्या हवाली केला, आणि थोड्याच दिवसांत चेला गुरूच्या पुढे गेला. त्याने स्वतःचं भाषण तयार केलं. ते असं असायचं:

"मंडळी, तो समोर घारापुरीचा डोंगर. दिसतोय ना? सगळ्यांना दिसतोय. आता त्याच्यावरची झाडं बघा. एकेक झाड वेगळं दिसतंय?" इथे तो गप्प राहायचा. सगळे डोळे बारीक करून बघायचे. एवढ्या लांबून कुणालाच दिसायची नाहीत. "न्हाय दिसत? मलाबी दिसत नव्हती. माझी आय चुलीपाशी बसून सुईत दोरा ओवायची, तो तिला ओवता येईना. मला म्हनाली, दया, आता माझं मानूस गेलं तरी तोंड दिसायचं न्हाय." पुन्हा गप्प. "आज माझी आय दिव्याच्या उजेडात सुई ओवते."

मग डब्या हातोहात जायच्या.

यातलं आईचं सगळं खोटं होतं. सोनाबाईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ती भिंतीला हात लावत घरात वावरायची. कुणा बाईने तिला लाँचवरची हकीकत सांगितली तेव्हा दयाराम घरी आल्याबरोबर ती म्हणाली, "काय रं दया, माझे डोळे बरे झाले म्हनतात लोक?"

तो वहाणा काढत राहिला.

"खरंच एवढं गुनाचं असलं तर माझ्याबी डोळ्यांत घाल की एक बोट."

डब्यांची पिशवी त्याच्या खांद्यावरच होती. "संपल्या सगळ्या, आये," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला ठेवतो."

पुढच्या खेपेलाही त्याने ठेवली नाही. डबीत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही ते आईच्या डोळ्यांत घालायला त्याचा हात धजत नव्हता. लोकांच्या डोळ्यांत घालायला मात्र धजत होता. हे त्याला तेव्हाही कळत होतं. विचार आला की तो दुसऱ्या कामाला लागायचा.

दिवाळी नुकतीच झाली होती तेव्हा बायजा लाँचवर चढली. पोयनाडच्या बाजूच्या एका भातशेतीच्या गावची, पंचविशीची बाई. मांडीवर मुलगी, ठमी. मुलीचे डोळे लाल झालेले, पापण्या चिकटलेल्या, ती उजेड आला की आईच्या पदरात तोंड खुपसायची. बायजाचा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. तो धक्क्यावर येणार आणि तिघं मिळून सरकारी इस्पितळात जाणार, असं ठरलेलं होतं.

दयारामने त्या दिवशी धरायला जे तोंड निवडलं ते बायजाचं होतं. दमलेलं, भलं. सगळं भाषण त्याने तिलाच सांगितलं. संपल्यावर तिने डबी घेतली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "दादा, मंग आता इस्पितळात जायला नको ना?"

लाँचवरचे सगळे त्याच्याकडे बघत होते. डबी हातात धरलेले आणखी कितीतरी जण होते. "जा" म्हटलं असतं तर त्यांनी डब्या परत केल्या असत्या. दयाराम गप्प राहिला, पण तेही त्याचं शिकलेलंच गप्प राहणं होतं. मग तो म्हणाला, "बाय, इस्पितळात सुया टोचतात, कोवळ्या पोरीचा डोळा उघडून बघतात. आधी हे लावून बघा. आयेची मायाच हाय ह्या डबीत, दुसरं काय?"

माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी "वा" म्हणालं.

धक्क्यावर बायजाने नवऱ्याला डबी दाखवली. त्याचा खाडा वाचला, तोही खूश झाला आणि कामावर गेला. परतीच्या लाँचला बायजा पुन्हा होती. दयारामला बघून ती ओळखीचं हसली, ठमीचा हात धरून तिला नमस्कार करायला लावला. दयाराम लाँचच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्या फेरीला तो काही बोलला नाही.

होळीच्या आधी ती त्याला रेवसच्या धक्क्यावर शोधत आली. ठमी तिच्या कडेवर होती. मुलीच्या उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं, डावा सुजून मिटला होता.

बायजा भांडायला आली नव्हती. तीच त्याला वाईट वाटण्यासारखी गोष्ट होती. "दादा," ती म्हणाली, "तुमी सांगितलंत तसंच रोज लावलं. माझंच कायतरी कमी पडतंय. याच्यापेक्षा कडक डबी असते का?" मग तिने विचारलं, "तुमी तुमच्या आयेला कसं लावता? काजळासारखं, का आतून?"

दयाराम धक्क्यावर उभा होता. वारा पाठीशी होता. समोर एकच तोंड होतं.

त्याने ठमीला उचलून घेतलं आणि बायजाला म्हणाला, "चला. आत्ताच्या लाँचनं मुंबईला जायचं." त्या फेरीत त्याची पिशवी उघडली नाही. लोकांनी "आज भाषन न्हाय काय?" म्हणून विचारलं, तो मुलीला पोटाशी धरून बसून राहिला.

इस्पितळात डॉक्टरांनी मुलीला तपासलं. उजवा डोळा गेला होता, तो काढावा लागणार होता. डावा वाचेल, म्हणाले. मग बायजाला म्हणाले, "इतके दिवस काय करत होता? तेव्हाच आणलं असतं तर दोन्ही राहिले असते. घरी थांबा म्हणून सांगितलं कुणी?"

दयाराम दाराशी उभा होता. 'मी सांगितलं' एवढेच दोन शब्द होते. ते जिभेवर होते. बायजाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "माझंच चुकलं, डाक्टर."

आणि दयाराम गप्प राहिला.

लाँचवर ज्याने शेकडो माणसांना गप्प केलं तो माणूस तिथे दोन शब्द बोलू शकला नाही. शेटच्या दारात त्याला बोलता येत नव्हतं म्हणून तो बोलला नव्हता. आता येत होतं. या दोन गप्प राहण्यांमधला फरक त्याला त्या दारातच कळला, आणि त्यानंतर एकही दिवस तो त्याच्या डोक्यातून गेला नाही.

त्याने उरलेल्या डब्या पनवेलला काळूरामकडे नेऊन ठेवल्या. "मी सोडतो," म्हणाला. कारण ऐकून काळूरामने डब्या मोजून कोनाड्यात ठेवल्या. "तू न्हाय तर दुसरा कुनी इकेल," तो शेवटी म्हणाला. आणि तसंच झालं. पुढच्या हंगामात दयाराम काही कामासाठी लाँचने चालला होता, तर मोरू नावाचा एक तरुण उठला, कठड्याला टेकला आणि बोलायला लागला. घारापुरीचा डोंगर. त्यावरची झाडं. गप्प. माझी आय चुलीपाशी बसून सुईत दोरा ओवायची. शब्द दयारामचे, थांबणं दयारामचं, आईसुद्धा दयारामचीच.

दयाराम ताडकन उठला. "खोटं हाय हे!" तो ओरडला. "मी बनवलंय हे. माझ्या आयेला दिसत न्हाय. कुनी घेऊ नका!"

लोक त्याच्याकडे बघून हसले. धंदेवाल्याचं धंदेवाल्याशी भांडण आहे, असं त्यांना वाटलं. मोरू म्हणाला, "बघा मंडळी, हे जुने विक्रेते, पोटात दुखतंय यांच्या." डब्या नेहमीसारख्या गेल्या. दयाराम खाली बसला. खोटं सांगायला त्याने ओहोटीच्या चिखलात उभं राहून तालीम केली होती. खरं सांगायची तालीम त्याने कधी केलीच नव्हती.

तो पुन्हा मिठागरात गेला. सोनाबाईला मुंबईला नेऊन तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून आणला. ती बरी होऊन घरी आली आणि सगळ्यांची तोंडं चाचपून न बघता ओळखायला लागली, तेव्हा तिने विचारलं, "हे आधी का न्हाय केलंस रं?" गावात सभा झाली, पंचायतीचं काही असलं, तरी तो मागे बसायचा. "दया, तू बोल की," म्हटलं तर उठून जायचा. असं बरीच वर्षं चाललं.

बासष्ट सालानंतर गावोगाव देवीची लस टोचायची मोहीम निघाली. पोयनाडच्या दवाखान्यात नलू नावाची तरुण नर्स होती. कुणीतरी तिला सांगितलं की खाडीकाठच्या गावात एक माणूस आहे, तो बोलला तर दगडसुद्धा ऐकतो. ती चालत त्याच्या घरी आली.

"मी बोलत न्हाय आता," दयारामने सांगितलं.

"मी कागदावरून वाचून दाखवते, कुणी ऐकत नाही," ती म्हणाली. "एका गावात तर आम्ही आलो की बाया पोरं घेऊन शेतात पळतात. विचारलं की सगळ्या एकच सांगतात. म्हणे, मुंबईच्या इस्पितळवाल्यांनी त्यांच्या गावच्या एका पोरीचा डोळा काढून घेतला. बायजा म्हणून बाई आहे, तिची पोरगी. मी किती समजावलं. परवा त्याच गावात एक मूल देवीनं गेलं."

दयारामच्या हातात फावडं होतं. ते त्याने भिंतीला टेकवून ठेवलं आणि ओट्यावर बसला. कृष्णाबाई त्यांच्या लहान पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती, तिला सगळं ठाऊक होतं. नर्सला पाणी देऊन तिनेच सांगितलं, "यांचा निरोप येईल तुमाला."

त्या संध्याकाळी दोघं पुन्हा बांधावर गेली. तो चिखलात, ती वर. त्याने सांगायला सुरुवात केली, लाँच, डबी, बायजा, इस्पितळ. आवाज तिच्यापर्यंत स्वच्छ पोचत होता. पण तिचा हात वर गेला नाही.

"ऐकू येत न्हाय काय?" त्याने विचारलं.

"येतंय," ती म्हणाली. "पन हेबी तुमी इकल्यासारखंच सांगताय. इथं थांबायचं, तिथं थांबायचं. माझ्या डोळ्यांत पानी आलं, आनी मला राग आला."

तो पुन्हा बोलला. ती पुन्हा म्हणाली, नाही. आवाज खाली नेऊन लोकांना झुकवायचं, नेमक्या जागी गप्प राहायचं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते काढायला शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले. शेवटी एकदा तो अडखळत, मध्येच चुकून, मागचं पुढे करत बोलला, आणि तिने हात वर केला.

सभेआधी तो बायजाच्या घरी गेला. ती अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. आईला कधी लावलं नव्हतं. डबीत काय होतं ते आजही ठाऊक नाही. आणि डॉक्टरांनी विचारलं ती चूक त्याची होती, तिची नव्हती.

बायजाचं सूप थांबलं नाही. पाखडता पाखडताच ती म्हणाली, "हे तवा बोलायचं व्हतंस."

"व्हय."

"माझी सासू मरेस्तोवर मला बोलली. नवऱ्यानं इस्पितळाला शिव्या घातल्या, मीबी त्याच्यात व्हय म्हटलं. मला तेवढाच आधार व्हता." तिने सूप खाली ठेवलं. "बोल गावात. मी समोर बसतंय. खोटं बोललास तर उठून जाईन."

देवळासमोरच्या पारावर सभा झाली. बायका मागे, मुलांना पदराखाली घेऊन. बायजा पुढे. दयाराम उभा राहिला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. त्याने ते बांधले नाहीत की लपवले नाहीत.

"मी दयाराम घरत," तो म्हणाला. "बायजाच्या पोरीचा डोळा इस्पितळानं घालवला न्हाय. मी घालवला." आणि मग त्याने सांगितलं, सगळं. मध्ये दोनदा शब्द सापडले नाहीत तेव्हा तो तसाच थांबला, आणि लोकांनाही कळलं की हे थांबणं वेगळं आहे. मागून एक म्हातारा शिवी देऊन उठून गेला. कुणीतरी दगड हातात घेतलेलाही त्याने पाहिला.

"आता ही नर्सबाई लस टोचनार," तो म्हणाला. "दंडाला सूज येते, ताप येतो, पोर रडतं. वण राहतो, जन्मभर राहतो. माझ्या पोरीला आठ दिवसांमागं टोचलीय, ती तिच्या आयेजवळ बसलीय, बघून घ्या. तिला आत्ता ताप हाय. बाकी मला कळत न्हाय, ते बाईंना विचारा."

"काय झालं तर तू जबाबदार काय?" एका बाईने विचारलं.

पूर्वीचा दयाराम इथे काहीतरी सुंदर बोलला असता. "मी कसा जबाबदार व्हईन?" तो म्हणाला. "तुमी बघून ठरवा. पन माझ्यावर इस्वास ठेवून ठरवू नका."

बायजा शेवटपर्यंत उठली नाही. सभा संपल्यावर मात्र त्याच्याकडे न बघता घरी गेली. त्या दिवशी थोड्याच बायका पुढे आल्या. नर्सबाईला वाटलं सभा फुकट गेली. पण पुढच्या खेपेला ती आली तेव्हा कुणी शेतात पळालं नाही.

ठमी तेव्हा वयात येत होती. काही महिन्यांनी पोयनाडच्या बाजारात तिने दयारामला गाठलं. तिने सरळच विचारलं, "काका, त्या दिवशी लाँचवर तुमी काय बोललेलात? मला ऐकायचंय."

"नको, बाय."

"मला ऐकायचंय."

बाजाराच्या कडेला, रिकाम्या बैलगाड्यांच्या पलीकडे उभं राहून त्याने तिला ते भाषण म्हणून दाखवलं. डोंगर, झाडं, सुई, सगळं, जसंच्या तसं, थांबण्यासकट. तिच्या एका डोळ्याकडे बघत त्याने ते पूर्ण केलं. एवढं अवघड तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

ठमीने बाजाराची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मीबी घेतली असती डबी," ती म्हणाली. "मला वाटायचं आय येडी हाय." आणि ती आईला शोधायला बाजारात गेली.

दयाराम पुढे नर्सबाईबरोबर खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, खारेपाटातल्या बऱ्याच गावांत गेला. नव्याने कामाला लागलेल्या पोरांना कसं बोलावं ते दाखवायला त्याला दवाखान्यातून बोलवायचे. वाऱ्याकडे पाठ करा, एक तोंड धरा, हे तो त्यांना सांगायचा, कारण ते खरंच उपयोगाचं होतं. पण त्याआधी प्रत्येकाला एक विचारायचा, "हे तू तुझ्या घरी केलंस काय?" नाही म्हणणाऱ्याला तो त्या दिवशी बोलू द्यायचा नाही. प्रत्येक गावच्या सभेत आधी तो स्वतःची गोष्ट सांगायचा. नलूबाई एकदा म्हणाली, "दरवेळी कशाला? पुरे झालं आता." तेव्हा तो म्हणाला, "हितं कुनी ऐकलेली न्हाय." तो लोकांना सांगत होता की स्वतःला, ते तिला कळलं नाही.

ठमीचं लग्न सदुसष्टच्या सुमारास झालं. बायजाने त्याच्या घरी अक्षता पाठवल्या, पण त्या कृष्णाबाईच्या नावाने सांगून पाठवल्या. कृष्णाबाई लग्नाला जाऊन आली. दयाराम गेला नाही. त्या दिवशी तो दिवसभर मिठागरात होता आणि संध्याकाळी बायको घरी आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "पोरगी नीट दिसत व्हती?"

"दिसत व्हती," कृष्णाबाई म्हणाली, आणि नवरीने कोणतं पातळ नेसलं होतं, जेवायला काय काय होतं, हे सगळं त्याला सांगत बसली. तो ऐकत राहिला.